त्या रजिस्टरची बाकीची पानं पण जपा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

७ नोव्हेंबर आला की आमच्या साताऱ्यात राजवाड्याच्या शाळेची आठवण सगळ्यांना होते. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव तेव्हाच्या गव्हर्नमेंट हायस्कूलमधे म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमधे इंग्रजी पहिलीला घातलं. नोंद आहे भिवा रामजी आंबेडकर, नंबर १९१४ (काही जण ते साल समजतात, तो रजिस्टर नंबर आहे). १९०४ पर्यंत ते इथे शिकले. २०१७ ला सरकारने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला तेव्हा आम्हा सातारकरांना किती आनंद झाला म्हणून सांगू.

मला बोलायचंय ते त्या पानाच्या मागच्या-पुढच्या पानांबद्दल. मागच्या दिवाळीत आवराआवरी करताना ट्रंकेत आजोबांचा शाळेचा दाखला सापडला, घड्यांवर फाटलेला, शाई उडालेली, तारीख लागत नाही पण रजिस्टर नंबर अजून स्पष्ट दिसतो. आजोबा कोर्टात कारकून होते, त्यांचं नाव कुठल्या बोर्डावर नाही आणि असायचं कारण पण नाही, पण शाळेच्या रजिस्टरात ते असणारच ना. तो नंबर वाचला आणि मला रडूच आलं.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की शाळेत त्यांना वेगळं, गोणपाटावर बसावं लागायचं आणि ते गोणपाट रोज घरून न्यायचं, परत आणायचं. वर्गात लांब बसवलेल्या त्या पोराचं नाव रजिस्टरात मात्र बाकीच्यांच्या खाली-वर ओळीतच आहे. ती बाकीची पोरं कोण होती, कुठल्या पेठेतली, कुठल्या गावची, हे आपल्याला कळायला नको का?

ज्या प्रतापसिंह महाराजांचं नाव शाळेला आहे त्यांना इंग्रजांनी १८३९ ला गादीवरून काढून काशीला धाडलं, १८४७ ला तिकडेच वारले. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर पण जन्माने साताऱ्याचे आणि शाळा पण साताऱ्यातलीच. आजच्या किती पोरांना हे माहितीये?

म्हणून विनंती आहे की जुनी रजिस्टरं जेवढी शिल्लक असतील तेवढी सगळी नीट स्कॅन करून घ्यावीत, कागद काही थांबत नाही, वाळवी आणि पावसाळा आहेच. ज्यांच्या घरी जुने दाखले आहेत त्यांनीही शाळेला झेरॉक्स द्यावी. आजोबांच्या दाखल्याची मी काढून ठेवलीये, पुढच्या आठवड्यात नेऊन देतोय.

आपला,
एक वाचक, सातारा