जिन्यातला नमस्कारही अभ्यासक्रमात हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. प्रायोगिक टप्प्यात दहा हजार तरुणांना पाठवण्याचे ठरले. तेव्हापासून परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशी अनेक मुले-मुली जर्मन शिकू लागली आहेत. कागदपत्रे, परीक्षा, व्हिसा यांवर वृत्तपत्रांतून भरपूर लिहिले जाते. मात्र या मुलांच्या आणि त्यांच्या आई-वडिलांच्या मनात सगळ्यात वर असलेल्या प्रश्नाला कुणी हात घालत नाही. तिथली माणसे आपल्याला सामावून घेतील का? 'काळजी करू नका, सगळे नीट होईल' एवढे सांगून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे स्वागत चहाच्या कपातून कळते. नवे बिऱ्हाड आले की शेजारीण वाटीभर काहीतरी घेऊन दार वाजवते. जर्मनीत ही जबाबदारी उलट असते. नव्याने आलेल्याने पहिल्या आठवड्यात स्वतः शेजाऱ्यांची बेल वाजवायची, नाव सांगायचे, कोणत्या मजल्यावर राहायला आलो ते सांगायचे आणि दोन मिनिटांत परतायचे. नोकरीतही तसेच. रुजू झाल्यावर काही दिवसांत नवा माणूसच सगळ्यांसाठी केक आणतो, त्याला 'आइनश्टांड' म्हणतात. वाढदिवसाचा केकही ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. हे ठाऊक नसलेली मुलगी आपल्या वाढदिवशी दिवसभर वाट पाहते आणि रात्री घरी फोन करून रडते. सहकारी मात्र तिच्याकडून केकची वाट पाहत असतात. अशा गैरसमजांतून मनात बसलेली अढी पुढे निघता निघत नाही.

जिन्यात कुणीही भेटले तरी नमस्कार करायचा, दवाखान्याच्या प्रतीक्षा खोलीत शिरताना बसलेल्या सगळ्यांना एकदम नमस्कार करायचा, बेकरीत शिरतानाही करायचा. बाडेन-वुर्टेंबर्गसारख्या दक्षिण भागात त्यासाठी 'ग्र्यूस गॉट' म्हणतात. नमस्कारानंतर समोरचा गप्प बसला तर तो रुसवा समजू नये, तिथे बोलणे तेवढेच असते. ओळख वाढते ती पार्सलमुळे. घरी कुणी नसले की पोस्टमन पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतो आणि दारात चिठ्ठी टाकतो. चार वेळा शेजाऱ्यांची पार्सले सांभाळली की पाचव्या वेळी गप्पा सुरू होतात.

आता पत्रपेटीकडे वळू. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. त्यानंतर अकरा अंकी कर क्रमांक, आरोग्य विम्याचे कार्ड, बँकेचे कार्ड आणि वेगळ्या पाकिटातून त्याचा पिन हे सगळे टपालाने येते. तिथे पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक बहुधा नसतोच, पोस्टमन पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर आणि बेलवर आडनाव नसेल तर पत्र परत जाते. कर क्रमांक नोकरी देणाऱ्या मालकापर्यंत पोचला नाही तर पगारातून सर्वात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. 'ऑफिसवाले मुद्दाम छळतात' अशा कितीतरी तक्रारींच्या मुळाशी ही नाव नसलेली पेटी असते. आडनाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या परिचारिकांनी पदवी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आणि पासपोर्ट यांवरची नावे निघण्याआधीच जुळवून पाहावीत. जुळत नसतील तर विवाह प्रमाणपत्राचे अधिकृत भाषांतर सोबत ठेवावे.

घराबाबत एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण शेजाऱ्यांशी आणि घरमालकाशी वाद होतात ते प्रामुख्याने हवा आणि वास यांवरून. हिवाळ्यात तिथली घरे घट्ट बंद असतात. चार माणसांच्या स्वयंपाकातून, अंघोळीतून, श्वासातून आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून रोज दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. ते गार भिंतीवर बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. घर सोडताना तिचा खर्च अनामत रकमेतून वळता होऊ शकतो, आणि ही रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. उपाय सोपा आहे. दिवसातून तीन-चार वेळा हीटर बंद करून खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच ते दहा मिनिटांनी बंद करायच्या. खिडकी दिवसभर तिरकी ठेवली तर हवा नीट बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते आणि बुरशी तिथेच आधी येते. फोडणी देताना खिडकी उघडावी, घराचे मुख्य दार कधीही नाही. आपल्याकडे वारा खेळावा म्हणून दार उघडे ठेवण्याची सवय असते. तिथे त्या दाराबाहेर सगळ्यांचा बंदिस्त जिना असतो, आणि मोहरी-हिंगाचा वास चारही मजल्यांवर दोन दिवस रेंगाळतो.

बाडेन-वुर्टेंबर्गमधल्या श्वाबेन भागात 'केरवोखे' नावाची पद्धत आहे. दारावर एक पाटी लटकलेली दिसली की त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून-पुसून घेण्याची पाळी आपली. काम झाले की पाटी पुढच्या दारावर. मोठ्या पाळीत अंगण आणि पदपथही येतो, बर्फ पडला तर तो सकाळी लवकर बाजूला करावा लागतो. काही इमारतींत आता हे काम पगारी माणसे करतात, म्हणून भाडेकरारासोबतची घराची नियमावली आधी वाचावी. 'मी परिचारिका म्हणून आले, झाडूवाली म्हणून नाही' असे कुणाला वाटू शकते. पण त्याच जिन्यावर डॉक्टर आणि प्राध्यापकही त्यांच्या आठवड्यात फडके मारतात. पाटी तीन आठवडे आपल्याच दारावर अडकून राहिली, तर मात्र त्या इमारतीत आपल्याविषयी मत बनून जाते.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर. रविवारी भिंतीत खिळा ठोकू नये, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकू नयेत. गणपतीची आरती करावी, अवश्य करावी, पण टाळ-झांजा दहाच्या आत थांबवाव्यात आणि दोन दिवस आधी जिन्यात तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी लावावी. चिठ्ठीखाली 'प्रसादाला या' असे लिहिले तर काही जण खरेच येतात.

परिचारिकांसाठी भाषेचा मुद्दा आणखी नाजूक आहे. बी-टू पातळीची परीक्षा प्रमाण जर्मनमध्ये होते, वॉर्डातली आजी मात्र श्वाबियन, म्हणजे श्वाबेन भागाची बोली बोलते. प्रमाण भाषेत 'हेबन' म्हणजे उचलणे, श्वाबियनमध्ये तेच क्रियापद धरण्यासाठी वापरतात. 'मला धर' म्हणणाऱ्या रुग्णाला उचलायला गेले तर दोघींनाही इजा होऊ शकते. 'फूस' म्हणजे पुस्तकात पाऊल, तिथे मात्र कमरेपासून बोटांपर्यंत सगळा पाय. आपल्या मराठीतही 'पाय दुखतो' म्हटल्यावर नेमके कुठे ते विचारावे लागतेच, तसेच हे. 'टेपिश' म्हणजे पुस्तकात गालिचा, थंडी वाजणाऱ्या आजीच्या तोंडी मात्र ब्लँकेट.

त्या आजीला 'आजी' म्हणू नये, हे सांगायला जीव होत नाही, पण सांगायलाच हवे. आपल्याकडे ती माया असते. जर्मन रुग्णाला अनोळखी व्यक्तीने 'ओमा' म्हटलेले अपमानाचे वाटते. 'फ्राउ' आणि आडनाव, सोबत 'झी', म्हणजे आपले 'तुम्ही'. 'डू' म्हणजे 'तू' वर कधी यायचे ते मोठ्याने किंवा वरिष्ठाने सुचवायचे. तू आणि तुम्ही जपणाऱ्या मराठी माणसाला हे इंग्रजीवाल्यांपेक्षा लवकर समजते.

तिथे आग्रह नाही. पहिल्या 'नको'ला नको असाच अर्थ असतो. कॉफी विचारली आणि संकोचाने नको म्हटले तर दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही. त्याहून घातक सवय म्हणजे न कळताही मान हलवणे. पाळी बदलताना सूचना समजली नसेल तर तोच निरोप आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावा. दहादा विचारणारीवर तिथे विश्वास बसतो. मान डोलावून चुकीचे औषध देणारीवर तो पुन्हा बसत नाही.

पात्रतेला पूर्ण मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून आणि कमी पगारावर काम करावे लागते, हेही आधी माहीत हवे. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे हे तिथे प्रशिक्षित परिचारिकेचेही काम आहे. आपल्याकडे ते नातेवाईक किंवा आया करतात, म्हणून बी.एस्सी. झालेल्या मुलीला तो अपमान वाटतो.

काळजीचा एक भाग मात्र पूर्ण खरा आहे. फेब्रुवारी २०२५ च्या जर्मन संसदेच्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी एएफडी पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली. परके नाव पाहून घर न दाखवणे, बसमध्ये टोमणा मारणे असे प्रकार होतात, ते मुलांपासून लपवू नयेत. २००६ चा समान वागणुकीचा कायदा नोकरी आणि घरभाडे दोन्हींना लागू आहे. नोकरीतल्या भेदभावाबद्दलचा दावा साधारण दोन महिन्यांच्या आत लेखी करावा लागतो. म्हणून घटना घडली त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, बोललेले नेमके शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत, मग कामगार प्रतिनिधी मंडळाकडे किंवा संघराज्याच्या भेदभावविरोधी कार्यालयाकडे जावे. 'फेअरे इंटेग्रात्सियोन' या केंद्रांत बाहेरून आलेल्या कामगारांना मोफत सल्ला मिळतो. करारात 'नोकरी सोडल्यास इतकी रक्कम परत करावी' असे कलम असेल तर सही करण्यापूर्वीच तिथे दाखवावे. पहिल्या सहा महिन्यांच्या निवासाची सोय नोकरी देणाऱ्या मालकाकडून लेखी घ्यावी.

मैत्री जुळते ती 'फेराइन'मध्ये, म्हणजे नोंदणीकृत मंडळात. जर्मनीत अशी सहा लाखांच्या आसपास मंडळे आहेत: खेळ, गायन, बागकाम यांची. दोन-तीन वेळा फुकट जाऊन पाहता येते, नंतर वर्गणी. नुसती वर्गणी भरून भागत नाही. उन्हाळी जत्रेत दोन तास भांडी घासली की नाव लक्षात राहते. मराठी मंडळात जरूर जावे, पण आठवड्यातली एक संध्याकाळ फेराइनसाठी राखावी.

शासनाला आमची विनंती एवढीच, की भाषेच्या प्रशिक्षणात या विषयाला किमान वीस तास द्यावेत. त्यांतले पाच श्वाबियन बोली ऐकण्यासाठी असावेत, तीही म्हाताऱ्या माणसांच्या आवाजातली. मुंबई आणि बाडेन-वुर्टेंबर्गची राजधानी श्टुटगार्ट ही १९६८ पासून जोडशहरे आहेत, तिथल्या वृद्धाश्रमांतून असे ध्वनिमुद्रण मागवणे अवघड नाही. आणि विमानतळावर सोडायला येणाऱ्या पालकांसाठीही एक दुपार ठेवावी. मुलगी फोनवर रडते तेव्हा तिला आधी 'पेटीवर नाव लावलेस का' हे विचारता यायला हवे.

आपले,
जर्मन भाषा व परिचर्या शिकवणारे काही शिक्षक, पुणे