ऑस्ट्रेलियात ब्रूमहून डार्विनला, गाडीने

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, विमानानेच जा. मला लगेच उत्तर देववलं नाही, कारण गाडीनेच जायचं आमचं आधीच ठरलंय. उद्या सकाळी निघतोय. ब्रूम ते डार्विन साधारण १,८७० किलोमीटर. नवी नोकरी तिथे, गाडी तिथे लागणारच, आणि तुझा कुकर, पोळपाट, मसाल्याचा डबा मला इथे टाकून जायचं नाही.

बाबा, तुम्ही बातम्यांत पाहिलात तो फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल जानेवारी २०२३ च्या पुरात मोडला होता. त्याच वर्षी डिसेंबरात नवा दुपदरी पूल सुरू झाला. शिवाय आता जुलै, म्हणजे इथला कोरडा हंगाम. रस्ता सगळा डांबरी. हॉल्स क्रीक, कनुनुरा आणि कॅथरिनला मुक्काम करणार, खोल्या घेऊन ठेवल्यात. दिवस मावळायच्या आत थांबायचंच, कारण तिन्हीसांजेला कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. इथले रोड ट्रेन म्हणजे तीन-तीन ट्रेलर जोडलेले, पन्नास मीटरहून लांब ट्रक. त्यांच्यामागे समीर निवांत चालवतो, ओव्हरटेकची घाई करत नाही. पाण्याचे कॅन, जादा टायर, भाड्याचा सॅटेलाइट फोन, सगळं घेतलंय. आई, दशम्याही केल्यात.

आंबोली घाटात मला गाडी लागायची तेव्हा बाबा मला पुढे मांडीवर घ्यायचे आणि तू लिंबू हुंगायला द्यायचीस. अजूनही लांब निघाले की पर्समध्ये लिंबू असतं.

गाव सुटलं की रेंज जाते, तासन् तास. फोन लागला नाही तर समीरच्या आईंना फोन करून त्यांना घाबरवायचं नाही. मुक्कामाला पोचले की मीच करीन. डार्विनचं घड्याळ तुमच्यापुढे चार तास. तुमची जेवणं उरकेपर्यंत आमची मध्यरात्र होते. म्हणून यापुढे दुपारच्या चहाच्या वेळेला बोलू.

एक सांगायचं राहिलंय. नवीन नोकरीत लगेच रजा मिळत नाही. यंदा गणपतीला माझं येणं होणार नाही. आई, रागावू नकोस. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, मी तयार होऊन बसेन. बाबा, मखर काढायला तुम्ही माळ्यावर चढायचं नाही, शेजारच्या पोरांना हाक मारा. आणि शुगरचा रिपोर्ट या आठवड्यात करून मला फोटो पाठवा.

तुमची,
मनू