माती तपासा, मग जिवाणू सोडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गावाबाहेर टँकर धुण्याची जागा आहे. वर्षानुवर्षं सांडलेल्या तेलानं तिथली दोनेक गुंठे जमीन डांबरासारखी झाली आहे. उताराला विहीर आहे आणि पोरं तिथंच क्रिकेट खेळतात. ग्रामसभेत एका ठेकेदारानं बाटली दाखवली. ‘हे जिवाणू फवारले की तेल, शिसं, सगळं साफ!’ टाळ्या पडल्या. मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. टाळी वाजवायला हात उचलला नाही, म्हणून हे पत्र.

जिवाणू तेल खातात, हे खरंच आहे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन किनाऱ्यावर तेल आलं, तेव्हा ‘टेरी’ या दिल्लीच्या संशोधन संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे जिवाणू सफाईसाठी वापरले होते. अलास्कात १९८९ साली ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा तर बाहेरचे जिवाणू सोडण्याऐवजी किनाऱ्यावर मुख्यतः खत टाकलं. तेल खाणारे जिवाणू तिथं होतेच, फक्त उपाशी होते. तेलात कार्बन रग्गड, पण नत्र-स्फुरद जवळजवळ नाही. शेतकऱ्याला हे फोड करून सांगायला नको. तरीही दगडगोट्यांखाली जिथं पुरेशी हवा पोचली नाही, तिथं ते तेल पुढं कित्येक वर्षं सापडत राहिलं.

म्हणजे नुसतं विरजण चांगलं असून दही लागत नाही. माती उलथून हवा द्यावी लागते, ओल राखावी लागते, खत घालावं लागतं, आणि हे काही महिने नेमानं करावं लागतं. वैशाखाच्या उन्हात कडक झालेल्या जमिनीवर पंप मारून निघून गेलं, तर ते जिवाणू संध्याकाळ तरी बघतील का?

शिशाची गोष्टच निराळी. ते मूलद्रव्य आहे. कुठल्याही जिवाणूच्या पोटातून गेलं तरी शिसंच राहणार. मुलांच्या मेंदूला ते घातक, आणि धुळीतून, मातीच्या हातांतून ते पोटात जातं. क्रोमियम या धातूचंही तसंच. त्याचं जहाल, सहा-संयुजी रूप काही जिवाणू बदलून तीन-संयुजी करतात. हे नवं रूप पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळं विहिरीकडं जायचं थांबतं. पण धातू मातीतच राहतो.

अर्धवट काम तर आणखी वाईट. यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोइथिलीन हे रसायन जिवाणूंनी अर्धवट तोडून मध्येच सोडलं, तर विनाइल क्लोराइड साचू शकतं, आणि ते कर्करोगकारक आहे.

म्हणून ठराव करण्याआधी ग्रामसभेनं मातीचे नमुने घ्यावेत, तेही वरचा थर खरवडून नव्हे, खोलवरचे. विहिरीचं पाणी तपासावं. काम झाल्यावर पुन्हा त्याच जागी नमुने घ्यावेत, आणि दोन्ही अहवाल पंचायतीच्या फलकावर लावल्याशिवाय बिल काढू नये. तोवर निदान तारेचं कुंपण तरी घाला. पोरांना दुसरं मैदान सापडेल.

सभा संपल्यावर मी ठेकेदाराकडं अहवालाचं विचारलं. ‘सर, वास गेला की समजायचं काम झालं,’ म्हणाले. तेलाचा हलका भाग उन्हानं हवेत उडून जातो, त्याचा वास जिवाणूंवाचूनही जातो. आणि ज्या टँकरांमुळं हे सगळं झालं, ते आज सकाळीही तिथंच धुतले जात होते.

— एक निवृत्त शिक्षक, पनवेल