वरचा मजला चढवू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, वरचा मजला चढवायचं नक्की केलंय, नकाशाही काढून झाला, दिवाळीनंतर ठेवी मोडायच्या. "तुम्हा दोघा भावंडांसाठीच करतोय," असं तुम्ही म्हणालात आणि मला पुढे बोलवेना. म्हणून हे पत्र.

त्याच्या आदल्याच दिवशी मी सेलमला जाऊन आले होते. बोस्टनहून लोकलने अर्ध्या तासावरचं हे जुनं बंदर. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती तेव्हा तिथे एलियास हॅस्केट डर्बी नावाच्या व्यापाऱ्याची पेढी होती. बाबा, हा माणूस तुम्हाला फार आवडला असता. एवढ्या जहाजांचा मालक, पण स्वतः कधी समुद्रावर गेला नाही. पोरवयात वडिलांच्या वह्या लिहायला बसला आणि पुढे जन्मभर पेढीवर बसूनच त्याने दूरदूरच्या बंदरांशी व्यवहार केला. त्याचं 'ग्रँड टर्क' 1786 मध्ये चीनमधल्या कँटनला गेलं आणि 1787 मध्ये चहा घेऊन परतलं. 1788 मध्ये 'अटलांटिक' सुरत, मुंबई आणि कलकत्त्याला लागलं. 1789 मध्ये 'पेगी'तून मुंबईचा कापूस सेलमच्या धक्क्यावर उतरला. तिथल्या संग्रहालयात मुंबईच्या नसरवानजी माणेकजी वाडियांचं चित्र आहे. अमेरिकन कप्तानांचे मुंबईतले सौदे ते जमवून देत. एवढ्या लांब त्यांची पारशी पगडी बघून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

तिथे जहाजाची मालकी बहुतेक वेळा अनेकांत वाटलेली असे. कुणाचा आठवा हिस्सा, कुणाचा सोळावा. म्हणजे आपली दोन आणे पत्ती आणि आणा पत्तीच की! एक जहाज बुडालं तरी एकच घर धुऊन निघू नये, यासाठी. मला 2005 चा पूर आठवला. हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, पण सगळी हळद तुम्ही एकाच ठिकाणी ठेवली नव्हती म्हणून आपली निम्मी तरी वाचली. तेव्हा पोत्यांचा तो कुबट वास घरभर होता आणि तुम्ही रात्री कंदिलाच्या उजेडात कुणाचं किती देणं आहे ते लिहीत होतात, मला अजून दिसतं. डर्बीच्या जहाजांवर कप्तानाला आणि अधिकाऱ्यांना थोडा माल स्वतःच्या नावावर नेता येई. तुम्ही दिवाणजींना हंगामात चार पोती स्वतःची म्हणून ठेवू द्यायचात, त्यामागचा विचार मला तिथे जास्त नीट कळला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या घराबद्दल.

लग्न झालं तेव्हा वडिलांनी त्याला धक्क्यासमोर विटांचं एक घर बांधून दिलं, 1762 मध्ये. ते अजून उभं आहे. बायको क्राउनिनशील्ड घराण्यातली, आणि त्याची सख्खी बहीण त्याच घराण्यात दिलेली. आपल्या भाषेत साटंलोटं. त्या विटांच्या घराच्या खिडकीतून आपली जहाजं लागताना दिसायची. तिथे संसार झाला, मुलं वाढली. पुढे पैसा अफाट आला तसा सॅम्युअल मॅकिन्टायर नावाच्या कारागिराकडून त्याने टोलेजंग वाडा बांधून घेतला. वाडा 1799 मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बायको गेली आणि 8 सप्टेंबरला तोही गेला. वाड्यात नांदणं जेमतेम काही महिन्यांचं. थोरल्या मुलाने तो काही वर्षं सांभाळला, पण एवढं घर पोसणं कुणालाच झेपेना. 1815 मध्ये तो पाडून टाकला. आता तिथे डर्बी स्क्वेअर आहे. मी चौकात जाऊन बसले, तर वाड्याचं काहीच दिसलं नाही.

त्याच उन्हाळ्यात थोरला मुलगा 'माउंट व्हर्नन' घेऊन भूमध्य समुद्राकडे निघाला होता. युरोपात युद्ध पेटलेलं, म्हणून जहाजावर 20 तोफा. माल 43,275 डॉलरचा, मुख्यतः साखर. (ती साखर गुलामांच्या कष्टाची होती, हे नफ्याचे आकडे वाचताना मला विसरता आलं नाही.) फ्रेंच जहाजांशी झुंजत तो जिब्राल्टरला पोचला आणि 1 ऑगस्टला तिथून त्याने वडिलांना पत्र लिहिलं, मी इतक्या लवकर पोचलेला पाहून तुम्हाला नवल वाटेल, अशा अर्थाचं. त्या सफरीत एक लाख डॉलरहून जास्त नफा झाला. 1800 मध्ये तो घरी परतला तेव्हा हिशेब दाखवायला वडील नव्हते.

बाबा, त्या ओळीपाशी मी रडले.

आम्हाला वरचा मजला नको. तुम्ही दोघं हवे आहात. आईचा गुडघा दोन वर्षं दुखतोय आणि ती "बघू" म्हणत पुढे ढकलते, कारण ठेवी मोडायच्या नाहीत असं तुमचं ठरलेलं. मग मजल्यासाठी त्या कशा मोडता? आधी गुडघ्याचं ऑपरेशन करू. खालच्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या, फरशी खडबडीत करून घ्या. गवंड्याला विसार दिला असेल तर त्यातच हे काम सांगा.

आणि एक. दुकान तुम्ही बंद केलंत, तरी कुणाकडे किती येणं आहे, कोणत्या बँकेत काय आहे, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, हे सगळं तुमच्या डोक्यात आणि त्या लाल वहीत आहे. आईला त्यातलं काही ठाऊक नाही. आई, तुला विचारायचा संकोच वाटतो हेही मला माहीत आहे. चाळीस वर्षं तू त्या गल्ल्याची किल्ली कमरेला लावलीस, मग तुझा हक्क नाही तर कुणाचा?

मी तिकीट काढलंय, धनत्रयोदशीला सांगलीत पोचते. लक्ष्मीपूजनाला वह्या पाटावर मांडाल तेव्हा पूजा झाली की लगेच कपाटात ठेवू नका. तिघं बसून पान पान वाचू.

तुमची,
मनू