हर्णैच्या तांडेल काकांना, अमळनेरहून

तांडेल काका, नमस्कार. जयगडच्या बोटीच्या सफरीचा प्लॅन करून दिलात म्हणून फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "बरं बरं" करून फोन ठेवलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

आम्ही अमळनेर-चोपड्याकडची पोरं. पाणी बघितलं ते तापीचं, आणि आमच्याकडे तापी दिवसातून दोनदा मागे फिरत नाही (सुरतेच्या पुढे, समुद्राजवळ फिरते म्हणा, पण तिथवर कोण जातंय). अशा पोरांनी मित्राच्या शिडाच्या बोटीतून हर्णै ते जयगड जायचं ठरवल्यावर आजीचं सुरू झालं, "समिंदरमा कसाले जास रे पोऱ्या?" बंदरावर पण लोक हसले. तुम्ही हसला नाहीत, एवढंच विचारलंत की जयगडला आत किती वाजता शिरणार?

तिथून सगळा प्लॅनच शेवटाकडून सुरू झाला. तीसेक सागरी मैल, आमची बोट ताशी पाच, म्हणजे सहा तास, वर एक तास हाताशी, चारला खाडीच्या तोंडाशी पोचायचं तर नऊला नांगर उचलायचा. ग्रुपमधे बहुतेकांना पौर्णिमा हवी होती, चांदणं, फोटो वगैरे. तुम्ही कॅलेंडर काढून तिथीची पाऊणपट करायला लावलीत. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, मुंबईत पूर्ण भरती त्या सुमाराला, दक्षिणेकडे तुमच्या बाजूला अजून जरा आधी, म्हणजे दुपारी चारला उधाणाची ओहोटी जयगड खाडीतून जोरात बाहेर पडणार आणि हिवाळ्यातला दुपारचा वायव्येचा वारा आत येणार, दोघं तोंडावर भिडले की लाट उभीच राहते. अष्टमीला तेच गणित सहावर येतं, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, ओढ कमी, आणि चारला भरती पण आत चाललेली नि वारा पण आत! मोबाईलच्या ॲपमधे भरतीच्या वेळा होत्याच हो, पण त्या वेळेचं करायचं काय हे ॲप कुठं सांगतं.

मग दाभोळ. वाटेत काही झालं तर दाभोळला शिरू असं सगळे धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, तिथं तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि तुम्ही बाराच्या सुमाराला पोचाल तेव्हा ओहोटी संपत आलेली असेल, दांड्यावर पाणी कमी, त्या वेळेला दाभोळ तुमचं नाही, मागे फिरायचं तर त्याच्या आधीच फिरा. हे निघण्याआधी कळणं आणि तिथं जाऊन कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे काका.

अंजनवेलच्या टोळकेश्वराचं टोक आणि हेदवीची बामणघळ (किनाऱ्यावरच्या खडकातली घळ), दोन्हीकडे नकाशावर जवळून गेलं तर अंतर वाचतं असं दिसतं. पण कड्यावर आपटलेली लाट परत येते, येणारी नि परतणारी एकमेकीत अडकतात, बोट नुसती डोलते आणि शिडात वारा राहत नाही, म्हणून दोन मैल बाहेरून जायला सांगितलंत. बाहेरूनच गेलो. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा होता, मधे वारा पडला तेव्हा इंजिन लावलं, दुपारी वायव्य सुटला आणि जयगडला भरतीबरोबर सरळ आत.

थंडीत भरताची वांगी आली की घरच्यांना घेऊन या, अमळनेर सुरत-भुसावळ लाईनवरच आहे, स्टेशनला घ्यायला येतो. कळण्याची भाकरी आजी करेल. आणि पुढे रत्नागिरीला जायचंय, तेव्हा मिऱ्याच्या टोकाचं काय ते जेवता जेवता सांगा.