राउटर कपाटावरून खाली येणार आहे

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

एक गोष्ट मी तुम्हाला न विचारता ठरवली आहे, म्हणून ती आधीच सांगते. येत्या शनिवारी इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन कपाटावरचा राउटर काढेल आणि बाबांचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर बाहेरच्या खोलीच्या भिंतीला लावून देईल.

बाबा, ती जागा तुम्ही विचारपूर्वक निवडली होती आणि राउटर उंचावर असावा हे तुमचे म्हणणे योग्यच होते. परंतु लोखंडी कपाटाच्या पत्र्यावरून रेडिओलहरी परततात आणि मध्ये दोन भिंतीही येतात, त्यामुळे तुमच्या टेबलापर्यंत त्या क्षीण होऊनच पोहोचतात. हे कारण पुरेसे आहे असे मी स्वतःला बरेच पटवून पाहिले, पण खरे कारण ते स्टूल आहे. तुमचा तोल गेल्याचे मला आईकडून कळले (तिच्यावर रागावू नका), आणि राउटर बंद-चालू करण्यासाठी तुम्ही पुन्हा त्यावर चढाल, ही धास्ती मला इथे बसून सोसवत नाही.

तुमचे टेबल, खुर्ची, खिडकीचा उजेड यांतले काहीही हलणार नाही. नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड तेच ठेवायला सांगितले आहे, त्यामुळे लॅपटॉप आणि दोन्ही फोन आपोआप जोडले जातील. आई, मायक्रोवेव्ह सुरू असताना ताईचा चेहरा पडद्यावर गोठतो, त्यात तुझ्या फोनचा दोष नाही. ती भट्टी आणि वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळपास एकाच कंप्रतेवर चालतात. राउटर ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही देतो; त्याचा वेग जास्त असतो, मात्र भिंती ओलांडण्यात तो कमी पडतो. राउटर बाहेरच्या खोलीत आला की तोही तुला मिळू लागेल.

लहानपणी दिवे गेले की बाबा आधी गॅलरीतून शेजाऱ्यांकडे उजेड आहे का ते पाहत, मग मेन स्विच, मग फ्यूज, आणि मी टॉर्च धरून त्यांच्या मागे उभी असे. अंधाराची भीती मला तेव्हापासून कधी वाटली नाही. लॅपटॉपवर इंटरनेट बंद पडले की तसेच एकेक तपासत जायचे आहे. आधी फोनवर पाहा, पण त्यातला मोबाइल डेटा बंद करून. नाहीतर फोन स्वतःचे इंटरनेट वापरतो आणि आपली फसगत होते. फोनवर चालत असेल तर बिघाड लॅपटॉपपुरता आहे: चुकून विमान मोड लागला आहे का ते बघा, मग नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड पुन्हा घाला आणि तरीही जमले नाही तर लॅपटॉप रीस्टार्ट करा. जोडणी दिसते पण संकेतस्थळे सुरक्षिततेची तक्रार करून उघडत नाहीत, असे असेल तर कोपऱ्यातली तारीख तपासा. जुन्या लॅपटॉपची तारीख मागे पडली की असे होते. दोन्हीकडे बंद असेल तर राउटरची वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा आणि सगळे दिवे स्थिरावेपर्यंत थांबा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरून येणाऱ्या फायबरमधूनच संकेत येत नाही, अशा वेळी घरात खटपट न करता कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

आता ज्या गोष्टी करायच्या नाहीत, त्या. राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालू नका, त्याने सगळी जुळणी पुसली जाते. फायबरची बारीक वायर वाकवू नका, आत काच असते. इंटरनेट दुरुस्त करून देतो म्हणून कोणी फोन करून एखादे ॲप घ्यायला लावले किंवा ओटीपी मागितला, तर बोलणे तिथेच थांबवून मला फोन करायचा, मी कामात असले तरी. हे मी तुम्हाला समजत नाही म्हणून सांगत नाही. भल्याभल्यांना ते लोक बोलण्यात गुंतवतात.

स्टूल माळ्यावर टाका, म्हणजे कोणालातरी टाकायला सांगा. शनिवारी तो माणूस काम उरकून निघायची घाई करील. बाबांच्या टेबलाशी लॅपटॉप सुरू करून इंटरनेट चालते हे दाखवल्याशिवाय त्याला सोडू नका.

तुमची,
धाकटी