सोडा कोणता, किती आणि किती पाण्यात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले आठवड्याचे पान पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत कापून नोटीस बोर्डावर लावले जाते. वर शहरातल्या घडामोडी, मध्ये नाटक-गाण्यांचे कार्यक्रम आणि खाली उजव्या कोपऱ्यात हिरव्या जीवनशैलीच्या टिपा. बातमी लोक वाचून विसरतात, टिपेप्रमाणे मात्र करून बघतात. म्हणून त्या कोपऱ्यात अर्धवट माहिती असणे परवडणारे नाही. गेल्या रविवारच्या तिन्ही टिपा एकेका ओळीच्या होत्या आणि तिन्हींत काही ना काही राहिले आहे. गणपती तोंडावर आले आहेत, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

'घरच्या गणपतीचे विसर्जन बादलीत खाण्याचा सोडा घालून करा आणि ते पाणी झाडांना द्या' असे छापून आले. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपी) मूर्तीसाठी पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला पदार्थ अमोनियम बायकार्बोनेट आहे. बेकरीवाले बिस्किटे फुगवायला 'अमोनिया' म्हणून वापरतात तो हाच. दोन्ही पांढऱ्या पुडी, आडनाव एकच, त्यामुळे घोटाळा होतो. खाण्याच्या सोड्याचा प्लास्टरवर थोडाफार परिणाम होतो, पण पाण्यात सोडियम सल्फेट उरते. असे खारे पाणी कुंडीत गेले की माती दगडासारखी बसते आणि पानांच्या कडा करपतात. अमोनियम बायकार्बोनेट वापरले तर पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतकरी वापरतात ते खत उरते आणि तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो.

मूर्ती शाडूची असेल तर यातला कोणताच सोडा लागत नाही. मूर्ती कशाची आहे हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. बैठकीच्या खालच्या, न रंगवलेल्या भागाला ओले बोट लावून दोन-तीन मिनिटे घासावे. शाडू असेल तर बोटाला चिखल लागतो. प्लास्टर तसेच पांढरे, कडक राहते.

आता प्रमाण. १७२ ग्रॅम घट्ट झालेल्या प्लास्टरला १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागते. घरगुती मापात सांगायचे तर मूर्तीच्या वजनाइतकी पूड आणि दर किलोला १० लिटर पाणी. मूर्तीला काट्यावर बसवणे अनेकांच्या जिवावर येते. त्यावर सोपा उपाय म्हणजे मूर्ती घरी आणल्यावर ती हातात धरून वजनकाट्यावर आपण उभे राहायचे, मग रिकाम्या हाताने पुन्हा, आणि फरक कागदावर लिहून ठेवायचा. विसर्जनाच्या दिवशी अंदाज बांधत बसावे लागत नाही. 'इंचाला इतकी पूड' हा हिशेब फसवा असतो, कारण एकाच उंचीची पोकळ मूर्ती आणि भरीव मूर्ती यांच्या वजनात दुपटीचा फरक पडू शकतो.

बादली प्लास्टिकची हवी. तांब्या-पितळेचे घंगाळ अमोनियाने काळे-निळे पडते. पाणी साधे घ्यावे. गरम पाण्यात पूड काम करण्याआधीच वायू होऊन उडून जाते. बादली पाऊणच भरेल इतकी मोठी निवडावी, कारण फेस येतो. जागा गॅलरीची. बंद न्हाणीघरात ठेवली तर वासाने डोळे चुरचुरतात आणि शेजारी दार वाजवतात. साधारण ४८ तास लागतात, मात्र दर दोन-तीन तासांनी लाकडी काठीने ढवळायला हवे. 'आमची मूर्ती विरघळलीच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा न ढवळल्याची असते. मूर्तीवर कॅल्शियम कार्बोनेटचा थर साचतो, आतले प्लास्टर त्याखाली झाकले जाते आणि क्रिया थांबते. थर काठीने खरवडला की पुन्हा बुडबुडे सुरू होतात. तैलरंग किंवा वॉर्निश दिलेली मूर्ती याहून हट्टी असते. तिची बैठक आणि पाठ विसर्जनाआधी पॉलिश पेपरने थोडी घासावी.

सर्वांत मोठी चूक पुढे होते. दोन किलोच्या मूर्तीतून २० लिटर पाण्यात सुमारे दीड किलो अमोनियम सल्फेट तयार होते, म्हणजे लिटरला ७५ ग्रॅम. कुंडीतल्या झाडाला लिटरला दीड ग्रॅम पुष्कळ झाले. तेव्हा एक पेला द्रावणात पन्नास पेले साधे पाणी घातल्याशिवाय ते झाडाला देऊ नये. २० लिटरच्या बादलीला ४०० मिलिलिटर पुरे. या हिशेबाने एका मूर्तीतून हजार लिटर खतपाणी निघते, आणि चार कुंड्यांच्या घराला ते वर्षभर पुरून उरेल. म्हणून ते सोसायटीच्या हिरवळीला आणि शोभेच्या झुडपांना पंधरा दिवसांतून एकदा द्यावे. तुळस, कढीपत्ता, मिरची यांना देऊ नये, कारण मूर्तीच्या रंगात काय मिसळलेले होते ते आपल्याला ठाऊक नसते. गाळ दोनदा पाण्याने धुऊन वाळवावा आणि संकलन केंद्रावर द्यावा. गणेशोत्सवात महापालिका क्षेत्रीय कार्यालयांतून ही पूड वाटते. त्या वाटपाची ठिकाणे आणि वेळा आपल्या पानावर आल्या तर टिपेला अर्थ येईल.

शाडूबद्दल एक गैरसमज मुळासकट काढायला हवा. शाडू म्हणजे बागेची माती नव्हे. तिचे कण इतके बारीक असतात की तुळशीच्या कुंडीत ओतली की वर पापुद्रा धरतो, पाणी साचते आणि मुळे कुजतात. द्यायचीच असेल तर कुंडीतल्या मातीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. मोरीत तर अजिबात ओतू नये. तिथल्या नळाचा वाक गाळाने भरला की प्लंबर बोलावण्यावाचून गत्यंतर नाही.

खरे तर शाडू परत वापरण्याची वस्तू आहे. ती आपल्याकडे मुख्यतः गुजरातेतून खणून येते, पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांतही तीच. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेत ही माती गोळा करून मूर्तिकारांना परत दिली जाते, पण ती स्वच्छ असेल तरच उपयोगी. मूर्ती पूर्ण कोरडी असताना पाण्यात ठेवावी. कोरडा शाडू पाणी शोषून सुटत जातो, तर ओलसर शाडू तासन्‌तास गोळा होऊन बसतो. हार, जानवे, कापसाची वस्त्रे, दागिने आधी उतरवावेत. माती विरघळली की जुन्या चाळणीतून गाळावी, दोन दिवस निवळू द्यावी, वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकावे आणि लगदा जुन्या धोतरावर पसरावा. हाताला चिकटेनासा झाला की पिशवीत बांधून द्यावा. प्लास्टरचा एक तुकडाही त्यात पडू देऊ नये. मूर्ती वाळताना नेमकी तिथे तडकते आणि मूर्तिकाराचा सगळा घाणा वाया जातो.

दुसरी टीप होती 'ओला कचरा थेट कुंडीत टाका, उत्तम खत होईल'. होत नाही. कच्चा कचरा कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेतो, तापतो, आणि उंदीर-मुंग्यांना आमंत्रण मिळते ते वेगळेच. खत वेगळ्या भांड्यात करायचे असते. चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याला रंगाच्या २० लिटरच्या बादल्या आळीपाळीने चालतात. तळाला आणि बाजूंना पेन्सिल जाईल एवढी भोके पाडून बादली दोन विटांवर ठेवायची. एक मग कचरा पडला की वर एक मग कोरडा पाला, पावसाळ्यात दीड मग. सुरुवातीला तळाशी जुन्या खताचे किंवा वाळलेल्या शेणाचे दोन-तीन ओंजळभर चुरे घालावेत.

या दिवसांत खत बिघडते ते बहुधा कोकोपीटमुळे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या चुऱ्यामुळे. त्याची पाच किलोची दाबलेली वीट पाण्यात फुगवून सत्तरेक लिटर होते, आणि लोक तोच ओला चुरा 'कोरडा माल' म्हणून कचऱ्यावर घालतात. ओल्यावर ओले. वीट कोरडीच सुरीने खरवडून वापरावी, नाहीतर सोसायटीच्या झाडांचा पाला उन्हाळ्यातच पोत्यात भरून ठेवावा. ओल ओळखायला मूठभर माल पिळून बघावा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर कोरडा पाला मिसळावा. वासावरूनही कारण कळते. अमोनियाचा उग्र वास आला तर हिरवा कचरा जास्त झाला आहे, आणि सडक्या अंड्यासारखा आला तर हवा पोचत नाही आणि पाणी साचले आहे. अशा वेळी सगळा माल वर्तमानपत्रावर (आपल्याच म्हटले तरी चालेल) उलटा करून भोके मोकळी करावीत आणि पाला मिसळून परत भरावा. चिलटे झाली तर वर दोन इंच कोरडा थर द्यावा. पांढरट-करड्या जाड अळ्या दिसल्या तर फिनेल ओतू नये; त्या कचरा झपाट्याने संपवतात आणि माणसाला त्रास देत नाहीत. मात्र फार झाल्या तर माल ओला आहे असे समजावे.

चहाचा चोथा धुऊन घालावा, साखरेला मुंग्या येतात. अंड्याची टरफले अख्खी घातली तर वर्षभराने अख्खीच सापडतात, मिक्सरमधून काढावीत. निर्माल्य उत्तम चालते, फक्त झेंडूच्या हारांतला दोरा काढावा, फुले दोन दिवस सावलीत पसरावीत आणि मगच घालावीत. ओला ढीग एकदम घातला तर त्याचा चिकट लगदा होतो. बादली भरल्यावर महिना-दीड महिना झाकून ठेवावी. खत तयार झाले का हे बघायला त्यात मेथीचे दाणे पेरावेत. तीन-चार दिवसांत उगवले तर वापरावे, नाहीतर आणखी पंधरा दिवस थांबावे.

तिसरी टीप काचेच्या बाटलीत मनीप्लांट लावण्याची. दिसते छान, पण या दिवसांत ती डेंग्यूच्या डासांची सोय आहे. पाणी आठवड्यातून एकदा नुसते बदलणे पुरत नाही. हा डास पाण्याच्या पातळीच्या थोडे वर काचेला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. बाटली आतून ब्रशने घासावी, मुळे धुवावीत, तोंडाला जाळीचे कापड बांधावे. कुंडीखालच्या ताटल्यांनाही हेच लागू.

आता पानाचा वरचा भाग. कार्यक्रमांच्या यादीत तारीख, वेळ आणि सभागृह असते, आणि शेवटी 'कार्यक्रम विनामूल्य असून सर्वांसाठी खुला आहे, काही जागा राखीव' हे पुणेरी वाक्य. 'काही' म्हणजे पुढच्या सहा रांगा की सहा खुर्च्या, एवढे आयोजकाला विचारून छापता येईल. त्याहून गरजेची गोष्ट म्हणजे कार्यक्रम संपण्याची वेळ. रात्री साडेनऊचा प्रयोग मध्यंतर धरून बाराच्या सुमारास सुटतो आणि मेट्रो एरवी त्याआधीच बंद झालेली असते. बालगंधर्व रंगमंदिराला संध्याकाळचा साडेपाचचा प्रयोग असेल तर छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावरून चालत जाता-येता येते, गाडी काढायचीच गरज नाही. म्हणजे कार्यक्रमाशेजारी जवळचे स्थानक आणि सुटण्याची वेळ छापणे ही त्या पानावरची सर्वांत हिरवी टीप ठरेल, आणि तिला एक ओळ पुरते. मेट्रो स्थानक जवळ नसेल तिथे पीएमपीचा बसथांबा द्यावा. ज्येष्ठांसाठी सभागृहाला उद्वाहन आहे की जिना, हेही.

उत्सवाच्या दहा दिवसांत याची गरज जास्त. देखावे बघायला निघालेल्या माणसाला मेट्रोने मंडईला उतरावे की कसब्याला, कोणते रस्ते संध्याकाळनंतर वाहनांना बंद, कोणत्या मंडळाजवळ रांग आणि कोणत्या बाजूने बाहेर पडायचे हे हवे असते. मानाच्या पाचांच्या प्रतिष्ठापनेच्या वेळा आपण देताच, त्याच चौकटीत ही माहिती बसेल. जागा कमी पडत असेल तर सिनेतारकांच्या वाढदिवसांचा रकाना आठवडाभर सुटीवर पाठवायला वाचकांची हरकत नसावी.

तूर्त विनंती एवढीच की खाण्याच्या सोड्याची दुरुस्ती येत्या रविवारी, त्याच कोपऱ्यात आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. पुढच्या आठवड्यात दीड दिवसाचे गणपती हलतील. मजकूर सोयीसाठी देतो: 'प्लास्टरच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेट मूर्तीच्या वजनाइतके, दर किलोला १० लिटर साधे पाणी, प्लास्टिकची बादली, उघडी जागा, ४८ तास, दर दोन-तीन तासांनी ढवळणे. द्रावण पन्नास पट पातळ करून फक्त शोभेच्या झाडांना. शाडूच्या मूर्तीला फक्त पाणी.'

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे